विश्लेषण : खिशातला कॅमेरा घडवणारे ऑस्कर बार्नाक कोण होते? त्यांच्या कॅमेऱ्यावर वेगळा व्ह्यूफाइंडर का बसवावा लागे?

मोबाइल समोर धरला की पडद्यावर जे दिसते, तेच छायाचित्रात उतरते. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे, की कधीकाळी छायाचित्रकाराला एका भोकातून अंतर जुळवावे लागे, दुसऱ्या भोकातून चौकट ठरवावी लागे आणि चित्र मात्र तिसऱ्याच भिंगातून येई, हे सांगितले तर खरे वाटत नाही. जुन्या फोटो स्टुडिओतल्या काचेच्या कपाटात एखादा छोटा, काळा-चंदेरी कॅमेरा आणि त्याच्या माथ्यावर चढवलेली भिंगाची नळी आजही दिसते. ही नळी म्हणजे जोड व्ह्यूफाइंडर. तो का लागला आणि कसा वापरायचा हे समजून घ्यायचे, तर दम्याने त्रस्त असलेल्या एका जर्मन कारागिराची गोष्ट माहीत हवी. त्याचे नाव ऑस्कर बार्नाक.

ऑस्कर बार्नाक कोण होते?

बार्नाक यांचा जन्म १ नोव्हेंबर १८७९ रोजी जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग प्रांतातल्या लिनो या खेड्यात झाला. पुढे कुटुंब बर्लिनजवळ राहायला आले. तेथे त्यांनी खगोलशास्त्रीय उपकरणे बनवणाऱ्या एका कारखान्यात उमेदवारी करून सूक्ष्म यंत्रकामाचे धडे घेतले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे गावोगावच्या कार्यशाळांत काम करत ते शिकत गेले. १९०२ मध्ये ते येना येथील कार्ल झाइस या प्रख्यात भिंग कंपनीत दाखल झाले आणि १९१० पर्यंत तेथे राहिले.

छायाचित्रण हा त्यांचा छंद. पण तो त्यांच्या प्रकृतीला झेपत नव्हता. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिपाई आणि काचेच्या जड प्लेटा. १३ बाय १८ सेंटिमीटरच्या प्लेटांचे हे ओझे घेऊन थुरिंगियाच्या डोंगरात चढताना दम्याचा विकार असलेल्या बार्नाक यांची दमछाक होई. निगेटिव्ह लहान ठेवायची आणि छापताना चित्र मोठे करायचे, हा विचार तेथे त्यांच्या मनात रुजला. एकाच प्लेटवर अनेक लहान चित्रे घेण्याचा प्रयोग त्यांनी करून पाहिला. पण त्या काळच्या प्लेटांचा कण इतका जाड होता, की मोठे केलेले चित्र पाहण्याजोगे राहत नसे.

वेत्झलारला काय घडले?

झाइसमधले त्यांचे मित्र एमिल मेखाऊ सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या अर्न्स्ट लाइट्स कंपनीत गेले होते. वेत्झलार या छोट्या गावातील या कंपनीला त्यांनी बार्नाक यांचे नाव सुचवले. जानेवारी १९११ मध्ये बार्नाक तेथे रुजू झाले आणि प्रायोगिक विभागाचे प्रमुख बनले. तेथे ते चलच्चित्रणाच्या यंत्रावर काम करत होते. त्यामुळे सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना छिद्रे असलेली फिल्म त्यांच्या हाताखाली आली. ही फिल्म काचेच्या प्लेटेपेक्षा हलकी, गुंडाळता येण्याजोगी आणि बारीक कणाची होती.

सिनेमाचे एक चित्र १८ बाय २४ मिलिमीटरचे. बार्नाक यांनी फिल्म आडवी फिरवली आणि दोन चित्रांची जागा एका चित्राला दिली. त्यातून २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट तयार झाली. क्षेत्रफळ मोजले तर जुनी १३ बाय १८ सेंटिमीटरची प्लेट या चौकटीच्या सुमारे २७ पट भरते. एवढ्या लहान तुकड्यातून मोठे चित्र काढायचे तर भिंग अत्यंत धारदार हवे आणि यंत्रात केसभरही चूक चालणार नाही. सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्याला हे जमण्यासारखे होते. आजच्या महागड्या डिजिटल कॅमेऱ्यांतील ‘फुल फ्रेम’ म्हणजे तीच २४ बाय ३६ ची चौकट.

१९१४ पर्यंत पहिला नमुना तयार झाला. पुढे त्याला ‘उर-लायका’ म्हणजे मूळ लायका असे नाव पडले. त्याच वर्षी कंपनीचे धाकटे मालक अर्न्स्ट लाइट्स दुसरे तो घेऊन न्यूयॉर्कला गेले व तेथे छायाचित्रे काढली. ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले, तेव्हा वेत्झलारच्या रस्त्यावरची सैन्यभरतीची गडबड बार्नाक यांनी टिपली. १९२० मध्ये गावात पूर आला, त्याचीही चित्रे त्यांनी घेतली. खिशातून काढायचा, टिपायचा आणि पुढे चालायचे, ही रस्त्यावरच्या छायाचित्रणाची रीत या चित्रांत आधीच दिसते. युद्धामुळे मात्र हा कॅमेरा दहा वर्षे बाजारात आला नाही.

१९२४ चा निर्णय एवढा महत्त्वाचा का?

युद्धानंतर जर्मनीची आर्थिक घडी विस्कटली होती. १९२३ मध्ये तर चलनाची किंमत दिवसागणिक कोसळत होती. अशा वेळी लाइट्स कंपनीने या कॅमेऱ्याचे वीस-पंचवीस चाचणी नमुने बनवून जाणकारांना वापरायला दिले. ही ‘नुल’ म्हणजे शून्य मालिका. मते संमिश्र आली. एवढी छोटी वस्तू अनेकांना खेळणे वाटली. प्लेट कॅमेऱ्यांवर पोसलेल्या व्यावसायिकांना ती गंभीर कामाची वाटेना.

जून १९२४ मध्ये कंपनीत दीर्घ बैठक झाली. सल्लागारांमध्ये एकमत नव्हते. पैसे बुडाले तर कंपनी अडचणीत येणार होती, आणि नवे उत्पादन काढले नाही तर कुशल कामगारांना काम उरणार नव्हते. शेवटी अर्न्स्ट लाइट्स दुसरे यांनी धोका पत्करून उत्पादनाचा निर्णय दिला. १९२५ च्या वसंतात लायपझिगच्या जत्रेत कॅमेरा लोकांसमोर आला. ‘लाइट्स’ आणि ‘कॅमेरा’ या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून ‘लायका’ हे नाव बनले. त्याचे ५० मिलिमीटरचे भिंग माक्स बेरेक यांनी आखले होते.

मग वेगळ्या व्ह्यूफाइंडरची गरज का पडली?

पहिल्या लायकाचे भिंग कायमचे बसवलेले होते. ५० मिलिमीटरच्या भिंगाला जेवढे दिसते तेवढेच दाखवणारी एक लहान नळी माथ्यावर होती. तिच्या शेजारी धातूची एक खाच होती, तिला ‘शू’ म्हणतात. सुरुवातीला ही खाच व्ह्यूफाइंडरसाठी नव्हती, अंतर मोजण्याच्या यंत्रासाठी होती. रेंजफाइंडर म्हणजे हेच अंतरमापक. त्यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात आणि चकती फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की अंतर कळते. ते अंतर वाचायचे आणि मग भिंगावर हाताने लावायचे, असे हे दुहेरी काम होते.

१९३० मध्ये भिंग बदलता येणारा लायका आला. १९३१ पासून कोणतेही भिंग कोणत्याही कॅमेऱ्याला बसेल अशी मापे पक्की झाली. १९३२ च्या लायका दोनमध्ये अंतरमापक कॅमेऱ्याच्या पोटात गेला आणि भिंगाशी जोडला गेला. भिंग फिरवले की दोन प्रतिमा आपोआप सरकू लागल्या. अंतर वाचण्याचे काम संपले. १९३३ मध्ये लायका तीन आला.

पण एक प्रश्न सुटला तसा दुसरा उभा राहिला. भिंग बदलले की कॅमेऱ्याला दिसणारी जागा बदलते. आतली नळी मात्र ५० मिलिमीटरचेच दाखवत राहते. एक साधा हिशेब पाहू. भंडाऱ्याला वैनगंगेच्या काठावर उभे राहून १० मीटरवरच्या नावेचे चित्र काढायचे आहे. आडव्या चौकटीत ५० मिलिमीटरच्या भिंगाला त्या अंतरावर ७.२ मीटर रुंदीचे दृश्य दिसते. ३५ मिलिमीटरच्या भिंगाला १० मीटरहून थोडे अधिक दिसते. ९० मिलिमीटरला ४ मीटर आणि १३५ मिलिमीटरला जेमतेम २.७ मीटर. आतल्या नळीवर विसंबून ३५ चे भिंग वापरले तर नको असलेला घाट आणि माणसे चित्रात शिरतात. १३५ चे वापरले तर नावेची दोन्ही टोके कापली जातात.

अंतरमापकाची खाच येथे कामाला आली. अंतरमापक पोटात गेल्याने ती रिकामी झाली होती. तिच्यात त्या त्या भिंगाचा स्वतंत्र व्ह्यूफाइंडर सरकवायचा, असा तोडगा निघाला. ज्याच्याकडे तीन-चार भिंगे आहेत त्याने तीन-चार नळ्या बाळगू नयेत, म्हणून ‘विडोम’ नावाचा सर्वसमावेशक व्ह्यूफाइंडरही लाइट्सने काढला. कडे फिरवले की चौकट लहान-मोठी होई. त्यात उजवी-डावी बाजू उलटी दिसे. डावीकडे पळणारे मूल उजवीकडे पळताना दिसले तरी हात चुकू न देण्याची सवय छायाचित्रकाराला करावी लागे. पुढे ‘व्हिओ’ या नव्या नमुन्यात प्रतिमा सरळ झाली.

जोड व्ह्यूफाइंडर वापरायचा कसा?

यात कामाचे दोन टप्पे आहेत. आधी कॅमेऱ्याच्या अंतरमापकातून पाहून भिंग स्पष्ट करायचे. मग डोळा वर सरकवून जोड व्ह्यूफाइंडरमधून चौकट ठरवायची आणि कळ दाबायची. या दोन क्रियांमध्ये माणूस पुढे-मागे हलला तर चित्र धूसर होते. म्हणून जाणकार मंडळी रुंद कोनाच्या भिंगासाठी दुसरी युक्ती वापरतात. २८ मिलिमीटरचे भिंग, छिद्र आठच्या आकड्यावर आणि अंतर सुमारे ३.३ मीटरवर लावून ठेवले, तर साधारण १.६ मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. मग अंतरमापकात डोकावण्याची गरजच उरत नाही. वरच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहायचे आणि टिपायचे, एवढेच.

दुसरी अडचण पॅरॅलॅक्सची. डोळा वरून पाहतो, भिंग खालून पाहते. दोघांत ५ सेंटिमीटरचे अंतर आहे असे धरू. १० मीटरवर ५० मिलिमीटरच्या भिंगाची चौकट ४.८ मीटर उंच असते, तेथे ५ सेंटिमीटरचा फरक नगण्य. पण १ मीटरवर चौकट अवघी ४८ सेंटिमीटर उंच उरते आणि तेच ५ सेंटिमीटर दहावा हिस्सा खातात. व्ह्यूफाइंडरमध्ये डोके चौकटीच्या कडेला नेमके बसवले, की प्रत्यक्ष चित्रात कपाळाचा वरचा भाग गेलेला असतो. उपाय सोपा आहे : जवळून चित्र घेताना डोक्यावर जास्तीची जागा सोडायची. अनेक जोड व्ह्यूफाइंडरांत यासाठी तुटक रेषा आखलेल्या असतात, तर काहींना अंतरानुसार किंचित खाली झुकवण्याची सोय असते. कॅमेरा उभा धरला की हाच फरक वर-खाली न राहता बाजूला जातो, हे नवशिके हमखास विसरतात.

तिसरी गोष्ट खाचेतल्या पकडीची. व्ह्यूफाइंडर सैल बसला तर तो डुगडुगतो, चौकट तिरकी दिसते आणि गर्दीत केव्हा निसटून पडला ते कळतही नाही. जुन्या खाचेत विजेचा संपर्क नसतो. फ्लॅश लावायची वेळ आली तर व्ह्यूफाइंडर काढावा लागतो, कारण खाच एकच.

एवढी कटकट असूनही लोकांनी तो का वापरला?

कॅमेऱ्याची आतली खिडकी मिणमिणती आणि चष्मेवाल्यांना त्रासाची होती. उलट चांगला जोड व्ह्यूफाइंडर मोठा आणि लख्ख असतो. महायुद्धानंतर लाइट्सने ५० मिलिमीटरसाठी काढलेल्या एका व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य डोळ्याला दिसते त्याच आकाराचे दिसे आणि त्यावर उजळ रेषांची चौकट तरंगत असे. त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येई. चौकटीबाहेर काय चालले आहे आणि पुढच्या क्षणी आत कोण येणार आहे, हे आधीच कळे. जत्रा, मोर्चा, बाजार अशा ठिकाणी याचा मोठा उपयोग होता.

या छोट्या कॅमेऱ्याने वृत्तछायाचित्रणाचे रूप बदलले. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३० च्या दशकात लायका हाती घेतला आणि तो आयुष्यभर सोडला नाही. १९४७ मध्ये ते भारतात आले, तेव्हा मुंबईत परळच्या गिरणगावातील एका ज्योतिषाच्या दुकानाचे त्यांनी घेतलेले छायाचित्र जगभर पाहिले गेले. जानेवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींचे अखेरचे दिवस आणि अंत्ययात्राही त्यांनी टिपली. तिपाई लावून, प्लेट भरून हे क्षण मिळाले नसते.

बार्नाक यांनी हे सारे पाहिले का?

नाही. दम्याने त्यांना आयुष्यभर सोडले नाही. १६ जानेवारी १९३६ रोजी बाड नाउहाइम येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. त्याच वर्षी झाइसने कॉन्टॅक्स दोन बाजारात आणला. त्यात अंतर जुळवणे आणि चौकट पाहणे एकाच खिडकीतून होत होते. बार्नाक यांच्या लायकामध्ये या दोन खिडक्या वेगळ्या होत्या. ज्या झाइस समूहातील कंपनीत त्यांनी आठ वर्षे काढली, त्याच समूहाने त्यांच्या रचनेतील उणीव भरून दाखवली होती.

लाइट्सचे पूर्ण उत्तर आले १९५४ मध्ये, लायका एम-३ च्या रूपाने. त्यात एकाच मोठ्या, उजळ खिडकीत ५०, ९० आणि १३५ मिलिमीटरच्या चौकटी भिंगानुसार आपोआप उमटत आणि अंतरानुसार सरकून पॅरॅलॅक्सही सुधारत. जोड व्ह्यूफाइंडरची बरीचशी गरज तेथे संपली. १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि आरशातून थेट भिंगातलेच दृश्य दाखवणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यांनी व्यावसायिकांची मने जिंकली. रेंजफाइंडर कॅमेरे मागे पडले. पण २१ मिलिमीटरसारख्या फार रुंद भिंगांची चौकट रेंजफाइंडरच्या खिडकीत मावत नाही. त्यांच्यासाठी खाचेतला व्ह्यूफाइंडर आजही विकला जातो.

आज बार्नाक यांची आठवण कशी उरली आहे?

त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९७९ मध्ये त्यांच्या नावाचा आंतरराष्ट्रीय छायाचित्रण पुरस्कार सुरू झाला. जून २०२२ मध्ये शून्य मालिकेतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना, म्हणजे शंभर कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकला गेला. तोवर कोणत्याही कॅमेऱ्याला एवढी किंमत आली नव्हती. हा कॅमेरा स्वतः बार्नाक वापरत होते. त्यांचे नाव त्यावर कोरलेले आहे, आणि ते नेमके व्ह्यूफाइंडरच्या माथ्यावर.

असे जुने नमुने हाती आले तर जपावेत कसे? त्या काळच्या लायकाचे वरचे झाकण पितळेचे असे. वर्षानुवर्षांच्या हाताळणीने काळा मुलामा झिजतो आणि आतला पिवळा धातू डोकावू लागतो. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात हा रंग कोणालाही ओळखू येईल. पण भांडे घासतात तसे याला घासून चकचकीत करू नये, कारण संग्राहक ती झीज म्हणजे वापराची साक्ष मानतात. भिंगे कोरड्या फडक्याने पुसण्यापेक्षा धूळ आधी फुंकणीने उडवावी. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून बंद चामडी डब्यात न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे. व्ह्यूफाइंडर खाचेत सरकवताना जोर लावू नये. आणि एखाद्या घरी आजोबांच्या पेटीत अशी सुटी नळी सापडली, तर तिच्यावर कोरलेला ३·५, ५ किंवा ९ असा आकडा आधी वाचावा. तो सेंटिमीटरमध्ये आहे आणि ती कोणत्या भिंगाची जोडीदार होती, हे तोच सांगतो.